जांभईने उचललेला हात: अर्धांगवायूच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी, ज्या उजव्या हाताचे एक बोटही हलवता येत नव्हते तो हात ५८ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीवरून अलगद वर गेला, कोपरात वाकला, छातीपर्यंत पोहोचला आणि काही क्षणांनी पुन्हा खाली येऊन पडला. त्या वेळी बाई फक्त जांभई देत होत्या. शेजारी बसलेल्या मुलीने धावत येऊन सांगितले, "डॉक्टर, आईने हात उचलला! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." आम्ही खाटेजवळ गेलो आणि बाईंना हात उचलायला सांगितले. कपाळावर आठ्या पडल्या, श्वास रोखला गेला, खांदा किंचित आक्रसला; हात जागचा हलला नाही. "मी नाही गं उचलला," त्या मुलीला म्हणाल्या, "तो आपोआप गेला."

मेंदू मेरुरज्जूतल्या प्रेरक चेतापेशींवर, म्हणजे स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या पेशींवर, सत्ता कशी चालवतो, हा प्रश्न या एका प्रसंगात जितका उघड दिसतो तितका पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. आकृतीत डोक्यापासून स्नायूपर्यंत एक रेघ काढलेली असते. ती रेघ तुटली की हात लुळा पडतो, असे विद्यार्थी शिकतो आणि रुग्णाचे नातेवाईकही तसेच समजतात. रेघ खरोखर एकच असती तर हा हात जांभईनेही उचलला गेला नसता. पुढच्या वर्षभरात या रुग्णात जे जे दिसले त्याचा अर्थ लावताना आम्हाला वारंवार याच मुद्द्याकडे परत यावे लागले आणि उपचारांचे जवळजवळ सगळे निर्णयही त्यावरच ठरले.

झटका आणि पहिली तपासणी

बाई शिवणकाम करतात. उजव्या हातात सुई धरण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय आहे. रक्तदाबाची गोळी काही महिन्यांपासून बंद होती. रात्री अकराला त्या नेहमीसारख्या झोपल्या आणि पहाटे साडेपाचला उठू लागल्या तेव्हा उजवा पाय उचलेना, हात लुळा पडला होता आणि शब्द जड येत होते. सात वाजता त्या रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा रक्तदाब १७८/१०० होता. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, इंटर्नल कॅप्सूल या भागाच्या मागच्या भुजेत, सुमारे ११ मिलिमीटरचा ताजा डाग होता. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. झोपेत आलेल्या झटक्याची वेळ सांगता येत नाही आणि एमआरआयच्या फ्लेअर प्रकारच्या प्रतिमेत, जिथे डाग उमटायला काही तास लागतात, तिथेही तो उमटलेला असल्याने ती वेळ टळून गेली असण्याचीच शक्यता जास्त होती. ते औषध देता आले नाही.

स्नायूंची शक्ती शून्य ते पाच या मोजपट्टीवर खांद्याला १, कोपराला १, बोटांना ०, मांडीला २ आणि घोट्याला ० होती. स्पर्श, वेदना, सांध्याच्या स्थितीची जाणीव, भाषा आणि दृष्टी यांपैकी कशातही दोष नव्हता. हे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे हा निखळ प्रेरक अर्धांगवायू ठरतो. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमन्यांपैकी एखादी बंद पडली की तो होतो, आणि त्यात संवेदनेचा किंवा समजुतीचा गोंधळ मिसळलेला नसल्याने हालचालीचे यंत्र स्वच्छ पाहता येते.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी नोंदल्या गेल्या. दात दाखवायला सांगितले की तोंडाची उजवी बाजू मागे पडायची, पण मुलीने काहीतरी बोलून हसवले की दोन्ही बाजू सारख्याच उमलायच्या. कपाळावर आठ्या तर दोन्हीकडे सारख्याच पडत होत्या. दुसरी नोंद प्रतिक्षिप्त क्रियांची. उजव्या हातापायाच्या स्नायूंचा ताण कमी झालेला होता, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय जेमतेम हलायचा, मात्र तळव्याची कड खरवडली की अंगठा वर जायचा. ही अंगठ्याची खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये मांडली आणि अजूनही मेंदूकडून मेरुरज्जूकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाला इजा झाल्याचा तिच्याइतका विश्वासार्ह साधा पुरावा क्वचितच मिळतो.

एवढ्याशा डागाने एवढे कसे झाले

गुस्ताव फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला क्षीण विद्युतप्रवाह दिला तेव्हा विरुद्ध बाजूचे पाय हलले आणि मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे पृष्ठभागावरच्या थरात, हालचालीसाठी विशिष्ट जागा आहे हे सिद्ध झाले. त्या जागेतून आणि तिच्या आसपासच्या भागांतून निघणाऱ्या अक्षतंतूंचा जुडगा म्हणजे कॉर्टिकोस्पायनल मार्ग. प्रत्येक बाजूच्या जुडग्यात सुमारे दहा लाख तंतू असतात. ते बाह्यकाच्या बऱ्याच मोठ्या क्षेत्रातून निघतात, पण इंटर्नल कॅप्सूलमधून उतरताना दाटीवाटीने एकत्र येतात. पृष्ठभागावर ११ मिलिमीटरचा डाग पडला असता तर कदाचित फक्त अंगठा अडखळला असता. तोच डाग या चिंचोळ्या वाटेत पडला आणि चेहरा, हात, पाय तिन्ही गेले.

पुढे मस्तिष्कपुच्छापाशी, म्हणजे मेंदू जिथे मेरुरज्जूला जुळतो त्या भागापाशी, यांतले बहुतेक तंतू, साधारण ७५ ते ९० टक्के, बाजू बदलतात आणि मेरुरज्जूत उतरतात. या सर्व तंतूंचा उगम प्राथमिक प्रेरक बाह्यकात असतो असा समज आहे, पण तेथून सुमारे एक तृतीयांशच येतात. बाकीचे त्याच्या पुढच्या नियोजन करणाऱ्या भागांतून आणि मागच्या संवेदी भागांतून येतात. संवेदी भागातून उतरणारे तंतू मुख्यतः मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे संवेदना स्वीकारणाऱ्या भागात, संपतात आणि हालचाल चालू असताना शरीराकडून वर येणाऱ्या संवेदनांपैकी कोणती किती पुढे जाऊ द्यायची हे ठरवण्यात भाग घेतात. मेंदू हुकूम देतो तेव्हा त्या हुकुमाचे उत्तर कसे ऐकायचे याचीही तजवीज तो त्याच मार्गाने करत असतो.

हे तंतू मेरुरज्जूत पोहोचले म्हणजे थेट स्नायूंच्या चेतापेशींना जाऊन भिडतात असेही नाही. त्यातले बहुतेक मधल्या, म्हणजे सहयोगी, चेतापेशींवर संपतात आणि तिथून संदेश पुढे जातो. थेट एका चेतासंपर्कातून, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या एकाच सांध्यातून, प्रेरक चेतापेशीला जोडणारे तंतू माकडांत आणि माणसांत असतात, आणि ते विशेष करून हाताच्या पंजाच्या व बोटांच्या स्नायूंसाठी असतात. मांजरासारख्या प्राण्यात अशी थेट जोडणी नाही. सुई ओवणाऱ्या हाताच्या दृष्टीने ही जोडणी किती मोलाची आहे ते या बाईंच्या बाबतीत पुढे दिसलेच.

जांभईचा अर्थ

मुलीने सांगितलेली घटना आम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः पाहिली. जांभई सुरू झाली की हात वर जायचा, जांभई संपली की खाली यायचा. बोटे त्या वेळी मिटलेलीच राहायची, कधी उघडली नाहीत. अर्धांगवायूतला हा आविष्कार एकोणिसाव्या शतकापासून वैद्यांना ठाऊक आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले आणि अशा रुग्णांत डाग बहुधा इंटर्नल कॅप्सूलच्या परिसरात असतो याकडे लक्ष वेधले.

इथे चार्ल्स शेरिंग्टन यांची १९०६ मधली मांडणी आठवते. मेरुरज्जूच्या पुढच्या शिंगातली प्रेरक चेतापेशी ही त्यांनी अंतिम सामाईक वाट मानली. इच्छेने केलेली हालचाल असो, प्रतिक्षिप्त क्रिया असो, तोल सावरणे असो की जांभई, स्नायूपर्यंत पोहोचायचे तर या पेशीतूनच जावे लागते. एका प्रेरक चेतापेशीवर हजारो चेतासंपर्क असतात. त्यातले काही तिला उद्दीपित करतात, काही रोखतात, आणि या सर्वांची बेरीज उंबरठ्यापलीकडे गेली तरच ती संदेश सोडते. एका वाफ्याला अनेक पाटांचे पाणी येते तशी ही रचना आहे, फक्त इथे काही पाट पाणी आणतात तर काही ते अडवतात.

मेंदूकडून या पेशीकडे येणारे पाट कोणते? कॉर्टिकोस्पायनल मार्ग हा त्यांतला उत्क्रांतीच्या दृष्टीने सर्वांत तरुण म्हणावा असा. त्याखेरीज मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या भागातून, निघणारे जुने मार्ग आहेत. त्यांतला रेटिक्युलोस्पायनल मार्ग धड, खांदे आणि मांड्या यांचे स्नायू, श्वसन आणि शरीराची ठेवण सांभाळतो. वेस्टिब्युलोस्पायनल मार्ग आतल्या कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून आलेल्या माहितीवर चालतो आणि मुख्यतः गुरुत्वाविरुद्ध उभे ठेवणाऱ्या स्नायूंना आधार देतो. रुब्रोस्पायनल मार्ग मांजरात मोठा, माणसात फार लहान. आणि याच मस्तिष्कस्तंभातून सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन ही द्रव्ये सोडणारे तंतूही उतरतात. ते एखादी विशिष्ट हालचाल सांगत नाहीत. प्रेरक चेतापेशी एकंदरीत किती संवेदनशील राहील, म्हणजे तेवढ्याच संदेशाला ती किती जोराने उत्तर देईल, हे ते ठरवतात. अनुमस्तिष्क आणि मेंदूच्या तळाशी असलेले बेसल गँग्लिया यांचा हालचालीवर एवढा मोठा प्रभाव असूनही ते मेरुरज्जूशी स्वतः फारसे बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे बाह्यकामार्फत किंवा मस्तिष्कस्तंभामार्फत खाली पोहोचते.

जांभईचे केंद्र मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभात आहे. तिथून जबडा, मान, छाती यांच्या स्नायूंना एकत्रित संदेश जातो. निरोगी माणसात त्याची लाट खांद्यापर्यंत गेली तरी बाह्यकाकडून येणारा प्रवाह तिला आवरत असावा. या बाईंमध्ये कॅप्सूलमधला मार्ग तुटला होता, तिच्या खालचा मस्तिष्कस्तंभ आणि मेरुरज्जू शाबूत होते, म्हणून ती लाट थेट हाताच्या प्रेरक चेतापेशींपर्यंत पोहोचली असे मानले जाते. यंत्रणेचा प्रत्येक टप्पा सिद्ध झालेला नाही, पण एवढे निर्विवाद आहे की त्या हाताच्या प्रेरक चेतापेशी, त्यांच्या नसा आणि स्नायू जिवंत होते आणि काम करायला तयार होते. हसताना सारखा उमलणारा चेहरा हेच सांगत होता, कारण भावनेतून येणाऱ्या हास्याची वाट इच्छेने दात दाखवण्याच्या वाटेपेक्षा वेगळी आहे.

या घटनेने घरात एक ताणही निर्माण झाला आणि तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. बाईंच्या मुलाने विचारले, "जांभई देताना हात वर जातो, म्हणजे जमतंय ना? मग आई प्रयत्न करत नाही असंच ना?" बाईंनी हे ऐकले आणि त्या दिवशी व्यायामाला नकार दिला. आम्ही मुलाला समोर बसवून सांगितले, की जांभई ज्या वाटेने हातापर्यंत पोहोचते ती वाट इच्छेला वापरायला मिळत नाही आणि इच्छेची वाट आत्ता तुटलेली आहे. आईच्या प्रयत्नात काही कमी नाही. प्रेरक मार्गाच्या आजारात रुग्णावर आळसाचा आरोप किती सहज होतो आणि तो किती खोल जखम करतो हे मी अनेकदा पाहिले आहे. शरीरक्रियाशास्त्राची चार वाक्ये योग्य वेळी सांगितली तर तो टळतो.

मार्गातले किती तंतू उरले आहेत

झटक्यानंतर ७२ तासांनी खांदा बाजूला उचलण्याची आणि बोटे सरळ करण्याची शक्ती यांची बेरीज केली तर हात किती सुधारेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दहापैकी पाच किंवा अधिक गुण असतील तर चित्र आशादायक मानतात. बाईंची बेरीज एक होती. अशा रुग्णांत पुढची पायरी म्हणजे डोक्यावर चुंबकीय वेटोळे धरून बाह्यकाला बाहेरून उद्दीपन देणे आणि हाताच्या स्नायूत विद्युत प्रतिसाद उमटतो का ते पाहणे. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे तंत्र दाखवले. त्यात वेदना जवळजवळ होत नाहीत.

पाचव्या दिवशी आम्ही ही तपासणी केली. निरोगी डाव्या हातात प्रतिसाद २१ मिलिसेकंदांनी आला. उजव्या हाताच्या तर्जनीजवळच्या स्नायूत तो लहान होता, अनियमित होता, २७ मिलिसेकंदांनी आला, पण आला. म्हणजे बोट हलत नसताना, त्या बोटाच्या प्रेरक चेतापेशींपर्यंत पोहोचणारे काही कॉर्टिकोस्पायनल तंतू शिल्लक होते. त्यांचा एकत्रित आवाज मात्र पेशीचा उंबरठा ओलांडण्याइतका मोठा उरला नव्हता. आम्ही बाईंना एवढेच सांगितले की वाट पूर्ण बंद झालेली नाही. किती सुधारेल ते सांगितले नाही.

दुसऱ्या आठवड्यात कोपर आणि मांडीत इच्छेने हालचाल दिसू लागली. या काळात बाई सतत एकच तक्रार करत होत्या: हात दगडासारखा जड वाटतो. नॉर्वेचे मेंदूरचनाशास्त्रज्ञ आल्फ ब्रोडाल यांना १९७२ मध्ये स्वतःलाच असा झटका आला होता आणि १९७३ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. साध्या हालचालीसाठीही मनाचा केवढा मोठा जोर लावावा लागतो, याचे त्यांनी केलेले वर्णन या क्षेत्रात अजूनही वाचले जाते. जडपणाची ही भावना स्नायूतून येत नाही. बाह्यक नेहमीपेक्षा कितीतरी मोठा हुकूम पाठवतो आणि त्या हुकुमाच्या आकाराचीच जाणीव आपल्याला श्रम म्हणून होते. नेहमी मेरुरज्जूतल्या लहान चेतापेशी आधी आणि मोठ्या नंतर कामाला लागतात, आणि त्यांच्या स्पंदनांचा वेगही गरजेप्रमाणे वाढतो. त्यामुळे अंड्यापासून बादलीपर्यंत सगळे हव्या त्या जोराने उचलता येते. वरून येणारा प्रवाह अशक्त झाला की वेग वाढवण्याची ही मुभा आक्रसते, थोड्याच वेळात हात थकतो आणि कप धरलेला हात मधेच सुटतो. बाईंनी फिजिओथेरपिस्टला जे सांगितले, "पहिल्या पाच वेळा जमतं, मग हात माझं ऐकत नाही," ते या कारणाने अक्षरशः खरे होते.

ताठरपणा

तिसऱ्या आठवड्यात चित्र उलटले. लुळा हात कोपरात आवळू लागला. हातोडीच्या हलक्या टिचकीनेही गुडघा उडायचा, घोटा झटकन वर ढकलला की चार-पाच वेळा थरथरायचा. कोपर हळू सरळ केले तर सहज सरळ व्हायचे, जोरात केले तर मध्येच अडायचे आणि मग एकदम ढिले पडायचे. ताणण्याचा वेग वाढला की विरोध वाढतो, हेच ताठरपणाचे लक्षण असल्याचे जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये केलेल्या व्याख्येत म्हटले आहे.

नातेवाईकांना ही प्रगती वाटली. "हातात जोर आला," असे त्यांनी आनंदाने सांगितले. काही अंशी ते खरेही होते, कारण मेरुरज्जूची सुरुवातीची निःशब्दता ओसरली होती. मेंदूत एका जागी इजा झाली की तिच्याशी जोडलेल्या दूरच्या, शाबूत भागांचेही काम काही काळ मंदावते, हे कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्ये मांडले होते. मेरुरज्जू त्या मंदीतून बाहेर येत होता. पण परत आलेली ताकद आणि परत आलेला ताठरपणा यांचे उगम वेगळे आहेत.

तो उगम शोधण्यासाठी पुन्हा मस्तिष्कस्तंभाकडे जावे लागते. होरेस मॅगून आणि रुथ ऱ्हाइन्स यांनी १९४६ मध्ये दाखवले की मस्तिष्कपुच्छातल्या जाळीदार भागात एक क्षेत्र असे आहे की ते उद्दीपित केले की स्नायूंचा ताण आणि प्रतिक्षिप्त क्रिया दबतात. हे दडपणारे क्षेत्र स्वतःच्या बळावर फारसे चालत नाही. त्याला बाह्यकाकडून सतत चालना लागते आणि ती नेणारे तंतूही त्याच इंटर्नल कॅप्सूलमधून कॉर्टिकोस्पायनल तंतूंच्या जोडीने उतरतात. त्याच्या वरच्या बाजूला असलेली, ताण वाढवणारी क्षेत्रे मात्र बाह्यकावर तितकी अवलंबून नाहीत. कॅप्सूलमध्ये डाग पडला की दडपणारा पाट आटतो आणि वाढवणारा वाहतच राहतो. प्रेरक चेतापेशी मग उंबरठ्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहते आणि स्नायू ताणला गेल्याची साधी सूचनाही तिला पेटवायला पुरते.

म्हणूनच ताठरपणाला पिरॅमिडची (मस्तिष्कपुच्छातल्या कॉर्टिकोस्पायनल जुडग्याचे हे जुने नाव) खूण म्हणण्याची जी जुनी सवय डॉक्टरांत आहे ती मला दिशाभूल करणारी वाटते. केवळ पिरॅमिडचा जुडगा तुटला तर ठळक ताठरपणा सहसा येत नाही. तो त्याच्या शेजारून जाणाऱ्या तंतूंच्या इजेने येतो. हा फरक केवळ नावापुरता नाही. ताठरपणा औषधाने पूर्ण घालवला तरी तुटलेला कॉर्टिकोस्पायनल मार्ग जुळत नाही, आणि हे विसरल्यामुळे आमचीही एक चूक झाली.

पाचव्या आठवड्यात आम्ही बॅक्लोफेन सुरू केले. हे औषध मेरुरज्जूतल्या दडपणाऱ्या ग्राहींवर काम करते आणि सर्व अंगातला ताण कमी करते. कोपर सैल पडले. पण त्याबरोबर बाईंना दिवसभर गुंगी राहू लागली आणि ज्या उजव्या पायावर त्या आधाराने उभ्या राहू लागल्या होत्या तो गुडघ्यात मोडू लागला. त्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूतला ताठरपणाच त्यांना उभे धरून होता. इच्छेच्या मार्गाने तेवढा जोर अजून येत नव्हता. आम्ही त्या स्नायूची इच्छाशक्तीने येणारी ताकद वेगळी मोजायला हवी होती. औषध हळूहळू कमी करून बंद केले आणि चारच दिवसांत उभे राहणे परत आले. पुढे दहाव्या आठवड्यात फक्त बोटे मिटवणाऱ्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिन दिले. ते नस आणि स्नायू जुळतात त्या ठिकाणी अ‍ॅसिटाइलकोलिन हे स्नायूला संदेश देणारे द्रव्य सुटू देत नाही, त्याचा परिणाम त्या स्नायूपुरता राहतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. पाय जसाच्या तसा राहिला आणि मूठ सैल झाली.

खांदा उचलला की मूठ का मिटते

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग आठव्या आठवड्यातला आहे. बाई आता हात खांद्यातून उचलू शकत होत्या, पण उचलला की कोपर वाकायचे, मनगट वाकायचे आणि बोटे घट्ट मिटायची. तीन सांधे वेगवेगळे हलवणे त्यांना जमेना. सगळे एकाच गठ्ठ्यात यायचे. ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्यांचा हात टेबलावर ठेवला, खाली घसरेल असे कापड घातले आणि पुन्हा बोटे उघडायला सांगितले. तर्जनी आणि अंगठा यांच्यात सुमारे दोन सेंटीमीटरचे अंतर पडले. तोच हात टेबलापासून एक वीत वर उचलून धरायला सांगितला, आणि बोटे बंद झाली. आम्ही हे पाच वेळा करून पाहिले आणि पाचही वेळा तेच झाले.

डोनाल्ड लॉरेन्स आणि हान्स कुइपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांवर केलेल्या अभ्यासात दोन्ही बाजूंचे पिरॅमिडी मार्ग तोडले होते. माकडे काही आठवड्यांत चालू, चढू आणि उडी मारू लागली, पिंजऱ्याच्या गजाला घट्ट धरू लागली. मात्र एकेक बोट वेगळे हलवून छोट्या खळग्यातला खाऊचा तुकडा काढणे त्यांना कायमचे जमले नाही, आणि धरलेली गोष्ट हातातून सोडणेही अवघड झाले. मस्तिष्कस्तंभाचे मार्ग तोडले तेव्हा उलट झाले: धड कोसळले, तोल गेला, पण आधार दिला तर बोटे चालत होती. या दोन मार्गांच्या स्वभावातला फरक त्यात स्पष्ट आहे. रेटिक्युलोस्पायनल तंतू मेरुरज्जूच्या अनेक पातळ्यांवर, कित्येकदा दोन्ही बाजूंना फांद्या सोडतो आणि एकाच वेळी अनेक सांध्यांच्या स्नायूंना हाक मारतो. कॉर्टिकोस्पायनल तंतूचा, विशेषतः थेट जोडणीच्या तंतूचा, परिणाम मोजक्या स्नायूंपुरता असतो.

बाईंचा खांदा उचलायचा तर पुरेसे कॉर्टिकोस्पायनल तंतू नव्हते, म्हणून त्यांचा मेंदू मस्तिष्कस्तंभाच्या मार्गावर जास्त भार टाकत होता. तो मार्ग खांद्याबरोबर कोपर आणि बोटे मिटवणाऱ्या चेतापेशींनाही चेतवतो. हाताचे वजन टेबलाने उचलले की खांद्याला तेवढा जोर लावावा लागत नाही, मस्तिष्कस्तंभाची हाक सौम्य होते आणि उरलेल्या मोजक्या कॉर्टिकोस्पायनल तंतूंचे म्हणणे बोटांपर्यंत ऐकू येते. हे कळल्यावर व्यायामाचा क्रमच बदलला. त्याआधी आम्ही बाईंना हात हवेत धरून वस्तू पकडायला सांगत होतो, म्हणजे जो मार्ग बोटे मिटवतो तोच आम्ही रोज मजबूत करत होतो. त्यानंतर वजन टेबलावर, पकड आणि सोडणे टेबलावर, दिवसाला शेकडो वेळा. आणि आधार आठवड्यागणिक थोडा थोडा कमी. डावा हात ठराविक तास बांधून ठेवून उजवा वापरायला लावण्याची पद्धतही आम्ही चौदाव्या आठवड्यापासून वापरली, पण बोटे थोडी उघडू लागल्यानंतरच, कारण त्याआधी ती फक्त निराशा देते.

नंतरचे महिने

सहा महिन्यांनी हाताच्या हालचालीच्या ६६ गुणांच्या चाचणीत बाईंना ४५ गुण मिळाले. पहिल्या आठवड्यात ते ६ होते. चालणे काठीशिवाय जमू लागले, फक्त घोटा उचलण्यासाठी पट्टा लागतो. जांभईबरोबर हात वर जाणे सातव्या आठवड्यापासून कमी होत गेले आणि चौथ्या महिन्यानंतर दिसले नाही. रक्तदाबाची गोळी त्यांनी पुन्हा कधी चुकवली नाही.

वर्षाच्या भेटीला त्या कापडाचा तुकडा, सुई आणि दोरा घेऊन आल्या. दोरा डाव्या हाताने ओवतात. सुई आता उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरता येते आणि धावदोरा घालता येतो, मात्र प्रत्येक टाक्याला मधले बोट, अनामिका आणि करंगळीही आत वळतात आणि त्यांना अधूनमधून थांबून ती बोटे डाव्या हाताने सरळ करावी लागतात. काजाचा बारीक टाका अजून जमत नाही. कोपर मांडीवर टेकवले तर टाके सरळ येतात आणि उभे राहून शिवले तर वाकडे, हे त्यांनी स्वतःच शोधून काढले होते आणि आम्हाला दाखवायला म्हणून दोन्ही प्रकारे शिवून आणले होते. मी कापड बाजूला ठेवून तळव्याची कड खरवडली. अंगठा अजूनही वर गेला.